साखळी आणि जाळे : परिस्थितिजन्य पुराव्याची तीन अपिले

बंगळुरूच्या रिचमंड रोडवरील ८१ क्रमांकाच्या बंगल्याच्या आवारात मार्च १९९४ च्या अखेरीस एक खड्डा उकरण्यात आला. पोलीस होते, पंच होते, डॉक्टर होते आणि सगळ्याचे चित्रीकरण चालू होते. फरशीखालच्या मातीतून एक मोठी लाकडी पेटी निघाली आणि पेटीत माणसाचा सांगाडा. नेमकी जागा ज्याने दाखवली तो तिथेच उभा होता. मेलेल्या बाईचा तो दुसरा नवरा. बाईचे नाव शाकेरे. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची ती नात. १९९१ च्या मे महिन्याच्या शेवटी ती दिसेनाशी झाली होती आणि जवळजवळ तीन वर्षे तिच्या माणसांना ती कुठे आहे याची निरनिराळी उत्तरे मिळत होती.

तिला मारताना पाहणारा एकही साक्षीदार नव्हता. तरी खटला चालला, फाशीची शिक्षा झाली आणि अपिले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ‘स्वामी श्रद्धानंद ऊर्फ मुरली मनोहर मिश्रा विरुद्ध कर्नाटक राज्य’ या नावाने तो खटला आता कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्याच्याकडे पाहताना मराठी वाचकाला पुण्याचे दोन जुने खटले आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिन्ही खटल्यांत मेलेली व्यक्ती स्त्री, तिन्हींत आरोपी तिच्या घरातला किंवा विश्वासातला पुरुष, तिन्हींत डोळ्यांनी पाहणारा कोणी नाही आणि तिन्हींत सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केलेली. शेवटच्या पायरीवर मात्र तिघांचे तीन वेगळे निकाल लागले. एकाची फाशी कायम राहिली, एक निर्दोष सुटला, एकाला मरेपर्यंत तुरुंग मिळाला. असे का झाले हे पाहिले, की परिस्थितिजन्य पुरावा म्हणजे काय आणि त्याच्यावर अपील कसे लढले जाते, हे पुष्कळसे उलगडते.

आधी नियमाचा थोडा इतिहास. १८७२ चा पुरावा कायदा सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिला. परिस्थितिजन्य पुरावा कमी दर्जाचा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. त्याच्या आठव्या कलमात हेतू, तयारी आणि आरोपीचे ‘आधीचे किंवा नंतरचे’ वर्तन या गोष्टी एकाच ओळीत बसवल्या आहेत. हे ‘आधीचे किंवा नंतरचे’ शब्द ध्यानात ठेवावेत, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, पण हा गाभा बदललेला नाही.

कायद्याने दिलेली मुभा किती जपून वापरायची, हे न्यायालयांनी हळूहळू ठरवले. इंग्लंडमध्ये १८३८ साली हॉज नावाच्या माणसावरच्या खुनाच्या खटल्यात बॅरन आल्डरसन यांनी ज्युरीला एक इशारा दिला होता. माणसाच्या मनाला तुकडे एकमेकांना जुळवण्यात गोडी वाटते, आणि एखादा तुकडा बसत नसेल तर मन तो थोडा ओढून-ताणून बसवते. जितके मन हुशार, तितका हा धोका मोठा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हा इशारा भारतीय कायद्यात आणला तो खुनाच्या खटल्यात नव्हे. हनुमंत गोविंद नरगुंदकर हे मध्य प्रदेशातले अबकारी खात्याचे वरिष्ठ अधिकारी. सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्याबाबत निविदा आणि पत्र बनावट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. न्या. मेहेरचंद महाजन यांनी त्यांची शिक्षा रद्द करताना सांगितले, की प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध झाली पाहिजे, ती आरोपीच्या अपराधाशीच सुसंगत असली पाहिजे आणि सगळ्यांची मिळून साखळी अशी पुरी झाली पाहिजे, की निरपराधीपणाला वाजवी जागा उरू नये. आजही खुनाच्या अपिलात हे वाक्य उद्धृत होते.

आता पुण्याकडे.

१३ नोव्हेंबर १९५६ ची पहाट. पुण्याहून रात्री सुटलेली पॅसेंजर मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला लागली, तेव्हा एका डब्यात एक मध्यमवयीन बाई बेशुद्ध होती. सोबत डॉ. अनंत चिंतामण लागू. बाई म्हणजे शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे. विधवा, चांगल्या पैसेवाल्या, मधुमेह आणि क्षयाने बेजार. लागू त्यांच्याच वाड्यात राहत आणि त्यांचा औषधोपचारही पाहत. मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवायला म्हणून दोघे निघाले होते. लागूंनी त्यांना टॅक्सीने गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले. तिथे नाव सांगितले ‘इंदुमती’, आडनावही भलतेच. अंगावर फेफऱ्यासारखे झटके येतात, असे सांगितले. दुपार होण्यापूर्वी बाई वारल्या. भाऊ येईल असे सांगण्यात आले होते, पण प्रेत न्यायला कोणीच आले नाही. ते जे. जे. रुग्णालयात गेले. दहाएक दिवसांनी शवविच्छेदन झाले, तेव्हा मधुमेहाच्या मूर्च्छेने मृत्यू असे मत पडले. रासायनिक विश्लेषकाला विष सापडले नाही. कर्वेबाई इंदुमती म्हणून मेल्या आणि कागदोपत्री त्यांचा शेवट झाला.

पुण्यात मात्र त्या ‘जिवंत’ राहिल्या. नातलगांना पत्रे येऊ लागली. आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत, आपली काळजी करू नये. पुढे तर आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह करून जयपूरजवळ राठोडी येथे स्थायिक झालो, असेही पत्र आले. या काळात बाईंचे शेअर आणि बँकेतले पैसे खोट्या सह्यांनी लागूंकडे वळत होते. अखेर एका नातलगाच्या तक्रारीवरून चौकशी सुरू झाली आणि मार्च १९५८ मध्ये लागूंना अटक झाली.

सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात लागूंच्या वकिलांचा मुद्दा सरळ होता. फसवणूक झाली, खोटेपणा झाला, हे सगळे धरून चाला. पण खून झाला हे कशावरून? विष सापडलेले नाही. कोणते विष, किती, केव्हा दिले, हे सरकार पक्षाला सांगता येत नाही. मधुमेही बाई मधुमेहाने मेली असेल. डॉक्टरने संधी साधून पैसे उपटले असतील. हा गुन्हा आहे, पण खून नव्हे.

डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला आणि न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. न्या. ए. के. सरकार यांनी लागूंच्या बाजूने मत दिले. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध नाही, आणि ते सिद्ध नसताना नंतरच्या खोटेपणावरून ते गृहीत धरता येणार नाही, असे त्यांना वाटले. न्या. एम. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विषप्रयोगाच्या खटल्यात विषाचा शोध लागणे नेहमीच शक्य नसते. जाणकार माणूस माग न ठेवणारे विष वापरील आणि मग तो जितका हुशार तितका सुरक्षित, असे होऊ देता येणार नाही. म्हणून विषाने मृत्यू झाला हेही परिस्थितीवरून सिद्ध करता येते. त्यांनी साखळीऐवजी जाळ्याची उपमा वापरली. अनेक वस्तुस्थितींचे असे जाळे विणले जाते, की आरोपीला निसटायला वाट राहत नाही.

साखळी आणि जाळे या दोन उपमांत फरक आहे. साखळीतला एक दुवा तुटला की सगळी साखळी गळते. जाळ्याचा एक धागा तुटला तरी जाळे राहते. अपील करणाऱ्याला साखळी हवी असते, सरकार पक्षाला जाळे. पुढच्या पंचवीस वर्षांत न्यायालये कोणत्या उपमेकडे झुकली, हे पुण्याच्याच दुसऱ्या खटल्यात दिसले.

जून १९८२. लग्नाला चार महिने झालेली, माहेर बीडचे असलेली मंजुश्री सारडा पुण्यातल्या राहत्या फ्लॅटमध्ये मृत सापडली. इथे विषाचा शोध लागला, पोटॅशियम सायनाइड. त्यावर वाद नव्हता. वाद एवढाच, की ते दिले कोणी की तिने स्वतः घेतले. सरकार पक्षाकडे तिची पत्रे होती. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या त्या पत्रांत सासरच्या दुःखाची कुणकुण होती. नवरा शरद बिरधीचंद सारडा याला सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हाचे पुणे या प्रकरणाने हलून गेले होते. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले आणि त्यातून नारी समता मंच उभा राहिला. १९८३ च्या अखेरीस विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. देशभर अशाच मृत्यूंमुळे पेटलेल्या चळवळीला ते यश होते.

अशा वातावरणात जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सारडाला निर्दोष सोडले. न्या. मुर्तझा फझल अली यांनी लिहिलेल्या निकालात नरगुंदकर खटल्यातल्या नियमाची पाच सूत्रे मांडली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी. ‘सिद्ध होऊ शकते’ आणि ‘सिद्ध झालीच पाहिजे’ यांत मोठे अंतर आहे. ती केवळ आरोपीच्या अपराधाशीच जुळणारी हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दुसऱ्या प्रत्येक शक्यतेला तिने बाजूला सारले पाहिजे. आणि सगळी साखळी इतकी पूर्ण हवी, की आरोपीनेच ते कृत्य केले असणार असेच मानवी व्यवहाराच्या कसोटीवर दिसावे.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. अपिलाच्या दृष्टीने मला ती पाच सूत्रांइतकीच महत्त्वाची वाटते. आरोपीने खोटा बचाव केला, तर तो खोटेपणा पूर्ण झालेल्या साखळीला जास्तीचा दुवा म्हणून जोडता येतो; पण तुटलेल्या साखळीतली फट भरायला तो वापरता येत नाही. उच्च न्यायालयाने नेमके तेच केले, असे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे होते. सायनाइड आरोपीजवळ होते याचा पुरावा नव्हता. आणि ज्या पत्रांवर सरकार पक्षाची भिस्त होती, त्याच पत्रांत न्यायालयाला एक हळवी, खचलेली मुलगी दिसली. तिने स्वतः जीव दिला असेल ही शक्यता खोडून काढता येत नव्हती. शक्यता उरली, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला मिळाला.

‘मी एक मंजुश्री’ पाहिलेल्या अनेकींना हा निकाल म्हणजे त्या पत्रांचा दुसऱ्यांदा झालेला अव्हेर वाटला. ती भावना समजण्यासारखी आहे. घराच्या चार भिंतींत एकटी असलेली बाई मेली, तर तिच्या बाजूने साक्षीदार येणार कुठून? पण न्यायालयाने मंजुश्रीने आत्महत्या केली असा निष्कर्ष काढला नव्हता. खून सिद्ध झाला नाही, एवढेच सांगितले होते. या दोन वाक्यांतले अंतर बाहेरच्या माणसाला उगाच कीस पाडल्यासारखे वाटते. फाशीच्या कोठडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र सगळे अपील त्या अंतरातच असते.

मग प्रश्न पडतो. १९८४ चा नियम १९५९ साली असता, तर लागू सुटले असते का? लागूंविरुद्धचा डोळ्यांत भरणारा पुरावा म्हणजे नंतरची खोटी पत्रे आणि खोट्या सह्या. तो सगळा ‘नंतरच्या वर्तना’चा. सारडा निकालाप्रमाणे तो फट भरू शकत नाही. न्या. सरकार यांचे भिन्नमत या अर्थाने पंचवीस वर्षे आधीच लिहिलेले सारडाचे निकालपत्र वाटते.

तरीही मला वाटते, लागू सुटले नसते. कारण एक धागा नंतरचा नाही. रुग्णालयाच्या नोंदवहीत खोटे नाव घातले गेले तेव्हा लक्ष्मीबाई जिवंत होत्या. त्या शुद्धीवर आल्या असत्या तर पहिल्याच वाक्यात आपले खरे नाव सांगू शकल्या असत्या. आपल्या रोग्याला वाचवायला निघालेला डॉक्टर तिचे नाव का बदलील? ती कधीच बोलणार नाही याची खात्री असलेला माणूसच ते करील. नंतरचा खोटेपणा लोभाने होतो, भीतीने होतो, मृत्यूचा फायदा उठवण्याच्या इच्छेने होतो. त्यावरून खुनापर्यंत थेट वाट नाही. मृत्यूच्या आधीचा खोटेपणा मात्र मृत्यू येणार हे ठाऊक असल्याचे सांगतो. पुरावा कायद्याच्या आठव्या कलमाने ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ एका ओळीत बसवले, पण त्यांचे वजन सारखे नाही. सारडा खटल्यात असा आधीचा एकही पक्का दुवा सरकार पक्षाला दाखवता आला नाही. मला तरी दोन निकालांतला खरा फरक इथेच दिसतो.

याच नजरेने पुन्हा रिचमंड रोडवर यावे. श्रद्धानंदाच्या खटल्याचे लागू खटल्याशी साम्य विलक्षण आहे. इथेही बाई मेल्यानंतर ‘जिवंत’ होती. विचारणाऱ्यांना ती परगावी गेल्याचे सांगितले जाई. मुलीला सांगितले, की ती गरोदर आहे आणि अमेरिकेत रुग्णालयात आहे. मुलीने चौकशी केली तेव्हा तिथे अशी कोणी रुग्ण नव्हती. पुढे आईचे पारपत्रच तिच्या दृष्टीस पडले आणि आई परदेशी गेलेलीच नाही हे उघड झाले. १९९२ च्या जूनमध्ये तिने बंगळुरूच्या अशोकनगर पोलिसांत तक्रार दिली. या काळात शाकेरेने दिलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारे तिची मालमत्ता विकली जात होती. चौकशी गुन्हे शाखेकडे गेल्यावर १९९४ साली आरोपीने जागा दाखवली.

कबुलीजबाब पोलिसांपुढचा असेल तर तो पुरावा नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जुन्या पुरावा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट सापडली, तर तेवढ्यापुरते ते सांगणे पुराव्यात येते. इथे सापडला सांगाडा. तो शाकेरेचाच आहे हे कवटी आणि छायाचित्र एकमेकांवर बसवून आणि डीएनए चाचणीने सिद्ध करण्यात आले.

तरीही एवढ्यावर अपील लढवता आले असते. प्रेत लपवणे हा वेगळा गुन्हा आहे. बायको अचानक मेली आणि घाबरून पुरली, असे म्हणायला जागा राहते. ती जागा बुजवली दोन गोष्टींनी, आणि त्या दोन्ही ‘आधीच्या’ होत्या. ती मोठी पेटी बाई नाहीशी होण्यापूर्वीच करून घेतलेली होती. अंगणातला खड्डाही भलतेच कारण सांगून मजुरांकडून आधीच खणून घेतला होता. पेटी करणारे आणि खणणारे यांनी तसे सांगितले. जिवंत बाईच्या घरात तिची पेटी तयार होती. इथे लागू खटल्यातल्या नोंदवहीतल्या नावासारखाच दुवा सापडतो, फक्त अधिक ढळढळीत.

म्हणूनच मे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला तो दोषाबद्दल नव्हता. न्या. एस. बी. सिन्हा आणि न्या. मार्कंडेय काटजू या दोघांनीही खून सिद्ध मानला. काटजूंनी फाशी कायम ठेवली, सिन्हांनी जन्मठेप दिली आणि ती खरोखरच जन्मभराची असावी असे म्हटले. प्रकरण तिघांच्या पीठाकडे गेले. जुलै २००८ मध्ये न्या. आफताब आलम यांनी लिहिलेल्या निकालाने फाशी रद्द केली. पण जन्मठेपेत सवलत नाही, उरलेले सगळे आयुष्य तुरुंगात, असे ठरवले. चौदा वर्षांनी सुटणारी जन्मठेप अपुरी आणि फाशी जास्त, यांच्यामधली एक पायरी त्यांनी घातली. डिसेंबर २०१५ मध्ये श्रीहरन प्रकरणात घटनापीठाच्या बहुमताने ही पायरी मान्य केली. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात ही पायरी मोलाची आहे. पुढेमागे साखळीतला एखादा दुवा खोटा निघाला, तर तुरुंगाचे दार उघडता येते. फासाचा खटका मागे फिरवता येत नाही.

बंगळुरूतच आता या साखळीत नवे धातू आले आहेत. डिसेंबर २००३ मध्ये रिंग रोडवर एका तरुण अभियंत्याचा खून झाला. कायद्याची विद्यार्थिनी असलेली त्याची वाग्दत्त वधू आणि तिचे साथीदार दोषी ठरले. मोबाइलच्या कॉल नोंदी हा त्या खटल्यातला मोठा आधार होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिले फेटाळली. मात्र राज्यपालांकडे दयेचा अर्ज करण्यासाठी आठ आठवडे दिले. कोण कुणाशी कितीदा बोलले हे यंत्र सांगते, पण काय बोलले हे सांगत नाही. तिथे पुन्हा आल्डरसनचा इशारा लागू पडतो, आणि आता तुकडे पूर्वीपेक्षा खूप जास्त असल्याने जुळवण्याची गोडीही जास्त आहे.

अपील लिहिणारा वकील काय करतो, तर प्रत्येक तुकडा हातात घेऊन तीन प्रश्न विचारतो. हा खरोखर सिद्ध झाला का? तो माझ्या अशिलाकडेच बोट दाखवतो का? आणि तो मृत्यूच्या आधीचा आहे की नंतरचा? तिसरा प्रश्न कुठल्या कलमात लिहिलेला नाही. पण जी. टी. रुग्णालयातले इंदुमती हे नाव आणि रिचमंड रोडवरची ती पेटी, दोन्ही त्याच प्रश्नाचे उत्तर देतात. मंजुश्रीच्या पत्रांकडे ते उत्तर नव्हते, आणि न्यायालयाने ते त्यांच्याकडून ओढून-ताणून घेतले नाही. त्या निकालाची बोच चाळीस वर्षांनंतरही पुण्यात आहे. तरी ज्या दिवशी एखादा निरपराध माणूस नुसत्या खोटे बोलण्याच्या सवयीपायी फाशीच्या दाराशी उभा राहील, त्या दिवशी त्याच्या वकिलाच्या हातात सारडा खटल्याचाच निकाल असेल.